आजीची ओवी आणि रिकामं झालेलं वॉलेट

*ताई,*

*मी मिरजेचा. वय 34, खासगी क्लासमध्ये आठवी ते दहावीला गणित शिकवतो. 2020 पासून दर महिन्याला दोन-तीन हजारांचे बिटकॉइन घेत आलो. सुरुवातीला आईने तिच्या भिशीतले साठ हजार दिले होते. होता होता 0.20 बिटकॉइन जमले. आजच्या भावाने दहा लाखांच्या पुढे.*

*जुलै 2024 मध्ये मुंबईतल्या, अशी नाणी घेण्या-विकण्याच्या एका एक्सचेंजमधून 23 कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाल्याचं वाचलं आणि धास्ती बसली. माझं खातं दुसरीकडे होतं, तरी वाटलं की आपले पैसे आपल्याच ताब्यात असावेत. मावसभाऊ म्हणाला, कागदावर काही लिहू नकोस, ब्रेन वॉलेट कर, सगळं डोक्यात राहतं. इंटरनेटवर एक पान सापडलं. त्यात एक वाक्य टाकायचं की वॉलेटचा पत्ता आणि किल्ली तयार होते. मी आजी जात्यावर म्हणायची त्या ओवीची पहिली ओळ इंग्रजी अक्षरांत टाकली आणि पुढे माझं जन्मसाल. अठ्ठावीस अक्षरं झाली. एवढा लांब पासवर्ड कोण ओळखणार? तोही मराठीत, तोही आमच्या आजीच्या तोंडचा.*

*एक्सचेंजवर 0.02 मागे ठेवून बाकीचे 0.18 त्या पत्त्यावर पाठवले. पैसे दिसले. चहा गाळायला आत गेलो, कप घेऊन परत आलो तर शून्य.*

*बायकोला सांगितलेलं नाही. ती विचारते, तेव्हा 'सुरक्षित ठिकाणी ठेवलेत' म्हणतो. आईला तर तोंडच दाखववत नाही. रात्री तीन-तीन वाजेपर्यंत टक्क जागा असतो, कधी कधी नको ते विचार येतात. मुलीला झोपवताना तीच ओवी म्हणायचो, ते बंद केलं. आता टेलिग्रामवर एकजण म्हणतोय, वीस हजार गॅस फी भरा, दोन दिवसांत पैसे परत आणून देतो. भरू का? पैसे मिळतील का? आणि घरात कोणाला माहीत नसलेली ओळ त्यांना कळली कशी? 0.02 बिटकॉइन अजून एक्सचेंजवर आहेत, ते कुठे ठेवू?*

*— स., मिरज*

प्रिय स.,

आधी त्या टेलिग्रामवाल्याचं. एक रुपयाही भरू नका. तो ज्या फीबद्दल बोलतोय ती बिटकॉइनमध्ये नसतेच. गॅस हा इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टो-जाळ्याकडचा शब्द आहे. बिटकॉइनच्या व्यवहाराला फी लागते, पण ती व्यवहार करणाऱ्याच्याच नाण्यांतून जाते, कोणाला वेगळी पाठवायची नसते. म्हणजे या माणसाला चोरी कोणत्या नाण्याची झाली याचाही पत्ता नाही. त्याला एवढंच ठाऊक आहे की तुमचे पैसे गेलेत आणि तुम्ही घाबरलेले आहात. बहुधा तुम्ही कुठेतरी मदत मागितलीत, तिथून त्याने तुम्हाला उचललं. वीस हजार भरलेत की 'कर' म्हणून चाळीस मागेल, मग 'वॉलेट सिंक करायचंय' म्हणून उरलेल्या 0.02 ची किल्ली. त्याला उत्तर देऊ नका. संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या आणि ब्लॉक करा. ते स्क्रीनशॉट पोलिसांकडे जाताना लागतील.

दुसरं, ते नको ते विचार. पत्रात तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलेत, मी उरकणार नाही. 14416 हा टेलिमानसचा क्रमांक आहे. मानसिक आरोग्याची सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं, रात्री तीन वाजताही. आज रात्री झोप आली नाही तर छताकडे बघत पडू नका, हा नंबर लावा. दहा लाख ही मोठी रक्कम आहे, मी ती लहान करून सांगणार नाही. पण तुमच्या मुलीला बाप हवाय.

आता पैसे मिळतील का. खरं सांगते, शक्यता फार थोडी आहे. बँकेत चुकीचा व्यवहार झाला तर निदान मॅनेजरच्या टेबलासमोर जाऊन उभं राहता येतं. बिटकॉइनमध्ये असं टेबलच नाही. व्यवहार साखळीत, म्हणजे ब्लॉकचेन नावाच्या सगळ्यांना दिसणाऱ्या नोंदवहीत, नोंदला गेला की तो उलटवणारा कोणी नसतो, आणि तुमचा केव्हाच नोंदला गेलाय. एकच धागा उरतो. चोराला कधीतरी त्या नाण्यांचे रुपये किंवा डॉलर करायचे असतात. त्यासाठी तो ओळखपत्र मागणाऱ्या एक्सचेंजपाशी आला, तर पोलिसांच्या पत्रावर ते खातं गोठवता येतं. प्रत्येक नाणं कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर गेलं हे जगात कोणालाही बघता येतं, त्यामुळे माग काढणं अशक्य नसतं. पण त्यासाठी तक्रार नोंदलेली हवी, म्हणून ती नोंदवाच.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार भरा. मग जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात स्वतः जा. नुसतं 'माझे बिटकॉइन गेले' म्हणून जाऊ नका, समोरच्या हवालदाराला त्यातून काही हाती लागत नाही. एका कागदावर स्वच्छ अक्षरात लिहून न्या: एक्सचेंजमधून पैसे काढल्याची तारीख आणि वेळ, त्या व्यवहाराचा क्रमांक, तुमच्या ब्रेन वॉलेटचा पत्ता, चोरीच्या व्यवहाराचा क्रमांक आणि नाणी ज्या पत्त्यावर गेली तो पत्ता. सोबत एक्सचेंजकडून पैसे काढल्याची पावती घ्या. ही पावती सगळ्यांत मोलाची आहे. त्या पत्त्यावर कोणाचं नाव नसतं, पण पावतीवर तुमचं नाव आणि तो पत्ता शेजारी शेजारी असतात. ती नाणी तुमची होती याला याच्याइतका चांगला पुरावा नाही. हद्दीचा प्रश्न काढून कोणी परत पाठवू लागलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कोणत्याही ठाण्यात नोंदवायची तक्रार, मागा. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो तुमचा हक्क आहे. आणि क्रिप्टो बेकायदेशीर आहे, पोलीस उलट मलाच धरतील, अशी भीती बाळगू नका. रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं, ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केलं. 2022 पासून सरकार यातल्या नफ्यावर 30 टक्के करही घेतंय. कराचं निघालंच आहे तर सांगते: या नाण्यांतला तोटा दुसऱ्या कोणत्याही उत्पन्नातून वजा करता येत नाही. त्यामुळे विवरणपत्रात चोरीचं काही दाखवण्याआधी सीएला विचारा.

त्या जुन्या पत्त्यावर पुन्हा काहीही पाठवू नका. 'चालू आहे का बघू' म्हणून शंभर रुपयांचंसुद्धा नाही. तीच ओळ ईमेलला किंवा दुसऱ्या कशाला पासवर्ड म्हणून वापरली असेल तर तो आजच बदला.

आता तुमचा तो प्रश्न, ज्याने तुम्हाला झोपू दिलेलं नाही. त्यांना कळलं कसं?

तुम्ही गणिताचे शिक्षक आहात, तेव्हा गणितानेच बघू. बिटकॉइनची खासगी किल्ली म्हणजे एक प्रचंड मोठी संख्या, 78 आकड्यांपर्यंतची. ती यदृच्छेने निवडलेली असेल तर जगातले सगळे संगणक लावले तरी ओळखता येत नाही. ब्रेन वॉलेटमध्ये मात्र ती संख्या यदृच्छेने निवडत नाहीत. तुम्ही टाकलेलं वाक्य एसएचए-256 नावाच्या प्रक्रियेतून काढतात आणि जे बाहेर येतं तीच किल्ली. आजीच्या जात्याचीच उपमा घ्या. या जात्यात तीच ओळ टाकली की पीठ तेच पडतं, शेवटच्या कणापर्यंत तेच. मिरजेत दळा नाहीतर मॉस्कोत दळा. मीठ-मसाला काही नाही, दळणाऱ्याचं नाव नाही, कसली परवानगी नाही. आणि दळण अतिशय जलद होतं. एटीएमला तीनदा चुकीचा पिन टाकला की कार्ड अडतं. इथे चुकीचे प्रयत्न मोजणारं कोणीच नाही, कारण चोर तुमच्या दारात येतच नाही. तो त्याच्या घरी बसून ओळी दळत असतो आणि निघालेली प्रत्येक किल्ली साखळीतल्या कुठल्याही पत्त्याला लागते का ते बघतो. एका अंदाजात तो एकट्या तुमचं नाही, सगळ्या जगाचं कुलूप तपासतो.

रायन कॅस्टेलुची या सुरक्षा संशोधकांनी ऑगस्ट 2015 मध्ये लास वेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत हेच उघड करून दाखवलं. त्यांनी 'ब्रेनफ्लेयर' नावाचा प्रोग्रॅम सगळ्यांसमोर ठेवला. साध्या संगणकावर तो सेकंदाला लाखाहून जास्त ओळी तपासत होता. ही गोष्ट तेव्हाच्या यंत्रांची.

आता तुमची ओळ घेऊ. 'आमच्या आजीच्या तोंडची' असं तुम्ही लिहिलंत. ओवी आजीच्या तोंडी होती, पण ती एकट्या आजीची नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांत फिरून बायकांकडून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या आता पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संकेतस्थळावर प्रसिद्ध होत असतात. फार मोठं काम आहे ते, आणि तुमच्या आजीच्या पिढीचं त्यात जे राहिलंय त्याबद्दल आपण कृतज्ञ असायला हवं. याखेरीज लोकगीतांची छापील पुस्तकं आहेत, व्हिडिओखाली लोकांनी लिहून ठेवलेले शब्द आहेत. समजा या सगळ्यांतून पाच लाख ओळी निघाल्या. प्रत्येक ओळ इंग्रजी अक्षरांत किती प्रकारे लिहिता येईल? 'व'ला कोणी व्ही लिहितं, कोणी डब्ल्यू. दीर्घ 'आ'ला कोणी एक ए, कोणी दोन. शब्दांमध्ये जागा सोडायची की नाही. पण एकदा डब्ल्यू लिहायला लागलेला माणूस ओळभर डब्ल्यूच लिहितो, म्हणून प्रकार आठ-दहाच्या पुढे फारसे जात नाहीत. दहा धरा. शेवटी जन्मसाल, शंभर शक्यता. पाच लाख गुणिले दहा गुणिले शंभर, झाले पन्नास कोटी. सेकंदाला एक लाख या वेगाने पाच हजार सेकंद. दीड तासापेक्षा कमी, एका साध्या संगणकावर. तुमची अठ्ठावीस अक्षरं मोजताना तुम्ही प्रत्येक अक्षर सुटं धरलंत, सव्वीसाचा अठ्ठाविसावा घात मनात आला असेल. चोराला अक्षरं मोजायची नव्हतीच. त्याला ओळी मोजायच्या होत्या.

आणि हे दळण तुमचे पैसे येण्याच्या कितीतरी आधी झालेलं असतं. तयार किल्ल्यांचा ढीग करून प्रोग्रॅम नुसता टपून बसतो. बिटकॉइनचा ब्लॉक, म्हणजे साखळीत एकदम नोंदला जाणारा व्यवहारांचा गठ्ठा, सरासरी दहा मिनिटांनी बनतो, तेवढाही धीर हे प्रोग्रॅम धरत नाहीत. व्यवहार जाळ्यात दिसला रे दिसला की पुढचा व्यवहार करून नाणी उचलतात. म्हणून तुमचा चहा गाळून होईपर्यंत सगळं संपलं.

मराठीचा आडोसा वाटला, तोच आडोसा एकाने दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेचा धरला होता. फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या एका आफ्रिकान्स कवितेची ओळ, चार बिटकॉइन. तेही गेले. या लोकांच्या याद्यांत विकिपीडिया असतो, जुनी पुस्तकं असतात, बायबल असतं, यूट्यूबखालचे शेरे असतात. भाषा कोणती हे यंत्राला कळावंच लागत नाही.

कॅस्टेलुची आणि मेरी वासेक, जोसेफ बोनो, कॅमेरून कीथ, टायलर मूर यांनी मिळून याचा रीतसर अभ्यास केला, तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी 30 हजार कोटी पासवर्ड तपासून पाहिले. सप्टेंबर 2011 ते ऑगस्ट 2015 या काळात वापरलेली 884 ब्रेन वॉलेट त्यांना सापडली, एकूण रक्कम साधारण एक लाख डॉलर. त्यांतली फक्त 21 रिकामी झालेली नव्हती. बाकी सगळी लुटली गेली होती, बहुतेक चोवीस तासांत, कित्येक तर काही मिनिटांत. डझनभर लुटारू एकमेकांशी स्पर्धा करत होते, पैसे पडले की आधी कोण उचलतो म्हणून. तुम्ही वेडे नाही आहात, स. तुमच्याआधी ज्यांचे पैसे असे गेले त्यांच्यात संगणकातली उत्तम जाण असलेली माणसं होती.

आणखी एक शक्यता नोंदवून ठेवते. तुम्ही ज्या पानावर ओळ टाकलीत त्या पानानेच ती टिपून घेतली असेल. अशी पानं चोरही बनवतात. तक्रारीत त्या पानाचा पत्ता नक्की द्या. पान भामट्याचं निघालं तरी ओळ कच्ची होतीच, आणि ओळ पक्की असती तरी उघड्या पानावर टाकल्यावर ती गेलीच असती.

मावसभावाचं 'सगळं डोक्यात राहतं' हे ऐकायला भारदस्त आहे. कोणी हिसकावू शकत नाही, कुठे सांडत नाही. पण डोक्यात सहज राहतं काय, याचा विचार करा. लय असलेलं, यमक असलेलं, लहानपणी शंभरदा कानावर पडलेलं. म्हणजेच दुसऱ्या कोणीतरी आधी म्हटलेलं. किल्ली मात्र अशी हवी की ती आजवर कोणीच उच्चारलेली नाही, तिला अर्थ नाही, चाल नाही. असं काही आपलं डोकं स्वतःहून बनवत नाही. 'काहीही सुचेल ते चार शब्द सांगा' म्हटलं की तुमच्या वर्गातली निम्मी मुलं आंबा, आई, पाऊस, घर म्हणतील. करून बघा एकदा. म्हणून किल्ली निवडायचं काम माणसाकडे देतच नाहीत, फाशांकडे किंवा यंत्राकडे देतात.

उरलेल्या 0.02 साठी तेच करायचं. एवढ्या रकमेला हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली आत जपणारं छोटं यंत्र, घ्यावं का, हा हिशेब तुम्ही करा. पुढेही भर घालणार असाल तर घ्या, आणि ते बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. वापरलेलं किंवा ओळखीतून स्वस्तात मिळालेलं नको. ते सुरू केलं की यंत्र स्वतः 2,048 इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून बारा किंवा चोवीस शब्द निवडून देतं. बारा शब्दांच्या शक्यता किती, तर दोनाचा 128 वा घात, 39 आकडी संख्या. मघाच्या आपल्या पन्नास कोटींशेजारी ही लिहून बघा, फळ्यावर. डबा उघडताना आत आधीच छापलेले शब्द निघाले तर ते यंत्र वापरू नका, ते शब्द दुसऱ्या कोणाकडे तरी आहेत.

ते शब्द आवडले नाहीत म्हणून बदलायचे नाहीत. मराठी यादी नाही म्हणून स्वतः मराठी शब्द निवडायचे नाहीत. जपानी, कोरियन, स्पॅनिश अशा काही भाषांच्या प्रमाणित याद्या आहेत, मराठीची अजून नाही. मराठीचा कितीही अभिमान असला तरी हे काम आपल्या निवडीवर सोडू नका. शब्द कागदावर, पेनने, क्रमांक घालून लिहा. इंग्रजी यादीत पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता येतो, त्यामुळे पुढच्या अक्षरांत स्पेलिंगची एखादी चूक झाली तरी निभावतं, पण क्रम चुकवू नका. दोन प्रती करा आणि दोन घरांत ठेवा. फोटो नाही, स्वतःला व्हॉट्सॲप नाही, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये नाही. मग यंत्रातलं सगळं पुसून त्याच शब्दांवरून वॉलेट परत उभं करून बघा, आधी शे-दोनशे रुपयांच्या नाण्यांवर. उभं राहिलं की बाकीचं पाठवा.

कागद हरवेल, कोणी बघेल, या भीतीने भाऊ तुम्हाला डोक्याकडे घेऊन गेला. कागदाची भीती मला कळते, पण डोक्याचं काय होतं ते मी घरात पाहिलंय. माझे वडील सगळं पाठ ठेवायचे. एफडीचे क्रमांक, लॉकरची किल्ली कुठे, कोणाला किती उसने दिलेत. वहीची चेष्टा करायचे. एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सहा महिन्यांनी थोडं परत आलं, आकडे आलेच नाहीत. मी एकेक आकडा म्हणायचे आणि ते माझ्याकडे बघत राहायचे. त्यांना आठवायचं असायचं, ते डोळ्यांत दिसायचं. आई तेव्हा कपाटातला एकेक कागद काढून अंथरुणावर पसरून ठेवायची. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट मी वहीत लिहिते, आणि वही कुठे आहे ते घरात आणखी एका माणसाला ठाऊक असतं. तुमच्या घरात ते माणूस तुमची बायको असायला हवी. उद्या तुम्हाला काही झालं असतं तर हे 0.18 तसेही कोणाच्या हाती लागले नसते, तिला ते होते हेही नीट कळलं नसतं.

तर बायकोला सांगा. या रविवारी सांगा. मुलगी दुपारी झोपली की फोन बाजूला ठेवा, किमतींचे आलेख उघडू नका, 'सगळ्या जगात होतंय' असं सुरू करू नका. पहिलं वाक्य हे असू द्या: 'पैसे सुरक्षित आहेत असं मी सांगत होतो, ते खोटं होतं. ते चोरीला गेलेत.' रक्कम लगेच सांगा, पूर्ण सांगा. नंतर आणखी काही बाहेर आलं तर दुसऱ्यांदा विश्वास जाईल आणि तो परत येणं फार जड असतं. ती रागावेल. रागावू द्या, मध्ये समजावू नका. तिला पैशांपेक्षा त्या 'सुरक्षित ठिकाणी' या शब्दांचा जास्त राग येईल, असं माझा अनुभव सांगतो. वर्षानुवर्षं अशी पत्रं वाचतेय. पैसे गेल्यामुळे मोडलेली घरं मी थोडी पाहिली. लपवल्यामुळे मोडलेली जास्त. एक मात्र आहे: तिला सांगितलंत की तक्रार द्यायला एकटे जाणार नाही.

आईला त्यानंतर, दोघांनी मिळून. साठ हजार तुम्ही तिला परत द्यायचे आहेत. ती नको म्हणेल, तरी द्यायचे. महिन्याला दोन हजार म्हणजे अडीच वर्षं. एवीतेवी तेवढे तुम्ही नाण्यांत टाकतच होतात. आई भिशीतली बाई आहे. पैसे कोणाकडे दिले आणि बुडाले, हे तिला तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल. तिला ब्लॉकचेन समजावत बसू नका. ओवीवरून ओळखलं म्हणून सांगा, ते तिला कळेल.

मावसभावावर राग धरून बसू नका, पण त्याने स्वतःचे पैसेही असेच ठेवले असतील तर आजच्या आज फोन करून हलवायला सांगा. एक मिनिटाचा फोन आहे.

ओवीचं राहिलं. तुम्ही मुलीला ती म्हणायचं बंद केलंत हे वाचून मी पत्र खाली ठेवलं होतं. ती ओळ चोराला सापडली, कारण ती शेकडो गावांत पहाटे म्हटली गेली, कोणीतरी कान देऊन ती लिहून घेतली आणि तुमच्या आजीने ती तुमच्यापर्यंत आणली. किल्ली म्हणून ती निरुपयोगी होती. तुमच्या मुलीला झोप लागायला मात्र तीच लागते. तुम्ही पत्रात ओळ लिहिली नाहीत, बहुधा अजून लपवावीशी वाटत असेल. आता लपवण्यासारखं त्यात काही राहिलेलं नाही. पुढच्या पत्रात पूर्ण ओवी लिहून पाठवा, आजीचं गाव आणि आजी ती कोणत्या चालीत म्हणायची तेही. आणि तक्रारीचा क्रमांक मिळाला की तोही कळवा.

— ताई